फळा, उपग्रह आणि वेतनवाढ

कांजूरमार्ग म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "हे नेमकं कुठे आलं हो?" मग सांगावं लागतं की विक्रोळी आणि भांडुपच्या मध्ये, जलद गाडी थांबत नाही, धीमी पकडून या. एके काळी पूर्वेला उतरणाऱ्या गर्दीत क्रॉम्प्टनचे कामगार ओळखू यायचे. पश्चिमेला उतरणाऱ्यांत आयआयटीवाले पुष्कळ, आणि स्टेशनबाहेर "आयआयटी, आयआयटी" असा रिक्षावाल्यांचा पुकारा अजून ऐकू येतो. इतकी वर्षं इथे राहून त्या आवारात माझं जाणं मोजून तीन-चार वेळा झालं असेल. पण तिथे शिकणाऱ्या मुलांपेक्षा तिथे शिकायला येणाऱ्या मास्तरांबद्दल मला नेहमी कुतूहल वाटत आलं. साधारण २०१० च्या आगेमागे सुट्टीच्या दिवसांत हातात बॅग आणि चेहऱ्यावर प्रवासाचा शीण घेऊन उतरलेली पन्नाशीची माणसं रिक्षावाल्याशी भाव करताना दिसायची. एकदा एकांना रस्ता सांगितला. साताऱ्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होते. म्हणाले, "इथे आठवडाभर शिकायचं, मग आमच्या कॉलेजात बसून आसपासच्या शिक्षकांना पडद्यावरून शिकवायचं." मला मोठी गंमत वाटली. शिकवणाऱ्याला यंत्रातून शिकवायचं, आणि तेही नोकरी चालू असताना!

आज लिहायचं ते यावरच. नोकरीत असलेल्या माणसाला त्याच्या संस्थेने, सरकारने, कंपनीने यंत्राच्या मदतीने शिकवायचं हे आपल्याकडे कधी आणि कसं सुरू झालं, आणि त्यातलं रुजलं किती. नवीन पोरांना वाटतं की हे सगळं करोनाच्या टाळेबंदीत आलं. तसं नाही मंडळी. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली आहेत, आणि पहिला प्रयोग आम्हा प्राथमिक-माध्यमिकच्या मास्तरांवरच झाला.

मी १९७४ साली शाळेत लागले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७५ ला, 'साइट' नावाचा उपग्रह दूरदर्शन प्रयोग सुरू झाला आणि बरोबर एक वर्ष चालला. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, एटीएस-६. कार्यक्रम आणि जमिनीवरची सगळी यंत्रणा आपली. करार १९६९ मध्येच झाला होता. विक्रम साराभाईंचं ते स्वप्न, पण ते पाहायला ते उरले नाहीत. अहमदाबादच्या केंद्रात प्रा. यशपाल यांनी ते तडीस नेलं. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले. छपरावर दहा फुटी तबकडी, आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी! महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण आपल्या सीमेला लागून असलेले गुलबर्गा आणि विजापूर हे जिल्हे कर्नाटकच्या वाट्यात होते. सोलापूर-सांगलीच्या माणसाला सहज सायकलवरून जाऊन पाहता आलं असतं असं हे अंतर.

या प्रयोगाबद्दल बोलताना लोक शेतीचे आणि मुलांचे कार्यक्रम आठवतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं शिक्षक-प्रशिक्षण. विज्ञान कसं शिकवावं यावर बारा-बारा दिवसांचं प्रशिक्षण आखलं होतं, आणि चाळीस हजारांहून अधिक प्राथमिक शिक्षक त्यातून गेले. आता यातली खुबी बघा. नुसता टीव्ही लावून दिला नव्हता. टीव्हीवर धडा, जोडीला रेडिओवर कार्यक्रम, हातात छापील पुस्तिका, मग गावातल्याच साहित्यातून प्रयोग करून बघायचे, आणि खोलीत शंका घ्यायला, चर्चा घडवायला एक जाणता माणूस. १९७५ सालच्या माणसांना हे ठाऊक होतं की पडदा एकटा शिकवत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत आपण हे किती वेळा विसरलो आणि किती वेळा नव्याने शोधलं, याचीच ही कहाणी आहे असं म्हटलं तरी चालेल.

उपग्रह वर्षभराने गेला आणि प्रयोगाचं प्रशिक्षणही त्याच्याबरोबर गेलं. आम्हाला मिळालं ते साखळी प्रशिक्षण. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि ते शिक्षकांपर्यंत पोचवायला देशभर दहा-दहा दिवसांची शिबिरं निघाली. चार वर्षांत सतरा लाखांवर शिक्षक त्यातून गेले. मीही त्यात होते. पद्धत अशी की दिल्लीत काहींना शिकवायचं, त्यांनी राज्यातल्यांना, त्यांनी जिल्ह्यातल्यांना, आणि शेवटी आमच्यापर्यंत. लहानपणी आपण रांगेत बसून कानगोष्टी खेळायचो ना, पहिल्याच्या कानात सांगितलेलं वाक्य शेवटच्याच्या तोंडून भलतंच निघायचं, तसंच. आमच्या वर्गाला आलेले साधनव्यक्ती भले गृहस्थ होते. त्यांनी पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चौथ्या दिवशी आम्ही बायकांनी विणकामाच्या सुया बाहेर काढल्या. त्यांनी पाहिलं, हसले, आणि वाचत राहिले.

ही साखळी तोडायची म्हणून १९९६ मध्ये कर्नाटकात आणि नंतर मध्य प्रदेशात पुन्हा उपग्रहाकडे वळले. या वेळी तज्ज्ञ पडद्यावर दिसत, आणि केंद्रावर जमलेले प्राथमिक शिक्षक दूरध्वनीवरून थेट त्यांना प्रश्न विचारत. मधले तीन-चार कान गाळले गेले. २००४ च्या सप्टेंबरात फक्त शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' आकाशात गेला, आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठालाही जागा मिळाली.

पण महाराष्ट्रात नोकरदार माणूस यंत्रासमोर खऱ्या अर्थाने बसला तो उपग्रहामुळे नाही. तो बसला एमएस-सीआयटीमुळे. इथे जरा थांबते, कारण हे प्रकरण मी जवळून पाहिलं आहे.

२००१ साली राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली. विवेक सावंत तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. तिने काढलेला संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम म्हणजे एमएस-सीआयटी. परीक्षा घ्यायची ती तंत्रशिक्षण मंडळाने. आजपर्यंत एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला आहे. एवढ्या लोकांना एका संस्थेने बोलावून शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गावोगावी, गल्लोगल्ली खाजगी केंद्रांना मान्यता दिली. कुठे बँकेच्या वरच्या मजल्यावर, कुठे पिठाच्या गिरणीशेजारी, दहा-बारा संगणक मांडून एखादा होतकरू तरुण केंद्र चालवायचा. धडे संगणकावरच असायचे, चित्रांतून आणि आवाजातून शिकवणारे, आणि मराठीतसुद्धा. पडद्यावरची बाई सांगणार, "आता इथे क्लिक करा", आपण करायचं. चुकलं तर ती रागवत नाही, पुन्हा सांगते. पन्नास गुण केंद्रात झालेल्या कामाचे आणि पन्नास शेवटच्या परीक्षेचे.

आता ही सगळी गंमत सक्तीशिवाय एवढी पसरली असती का? मला नाही वाटत. शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता आवश्यक केली, ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली, आणि त्यानंतर ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांची वेतनवाढ रोखायची असं झालं. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. आमची शाळा खाजगी अनुदानित. या सक्तीची सगळ्यात जास्त झळ लागली ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना. ज्या गावात वीज दिवसातून चार तास, तिथल्या मास्तरांनी तालुक्याच्या ठिकाणी एसटीने जाऊन माउस धरायला शिकायचं. ज्यांनी मुदतीनंतर परीक्षा दिली त्यांच्या वेतनवाढीची वसुली निघाली, ती प्रकरणं वर्षानुवर्षं चालली, काही उच्च न्यायालयापर्यंत गेली. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या हातात वसुलीचा कागद! त्या पिढीतल्या कोणाशीही बोला, एमएस-सीआयटी म्हटल्यावर त्याला आधी वेतनवाढ आठवते, संगणक मागाहून.

मला वयाची सूट होती. तरी मी गेले, कारण आमच्या शिक्षककक्षात दुपारच्या डब्याला दुसरा विषयच नसायचा आणि मला आपण वगळले गेलो असं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी सहा ते आठ. वर्गात माझ्या डाव्या हाताला महापालिकेतला एक शिपाई, उजव्या हाताला बारावी झालेली मुलगी. ती मुलगी माझे तीन धडे होईपर्यंत दहा करायची. शिपाईदादा मात्र प्रत्येक धडा दोनदा ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, ऑफिसात साहेबाचा संगणक रोज पुसतो, पण आज पयल्यांदा चालू केला." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. सक्तीवर टीका करायला बसले की ते आडवं येतं. सक्ती नसती तर तो माणूस त्या खुर्चीत कधी बसला नसता. त्याला कोणी बसू दिलं नसतं.

आणि त्याच वेळी दुसरंही चाललं होतं, ते डोळ्यांआड कसं करू? कोणाचे धडे कोणाचा मुलगा क्लिक करत होता हे सगळ्यांना माहीत असायचं. नावं नकोत, त्यातले काही हा ब्लॉग वाचतात!

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने १९५९ मध्ये नोकरीतल्या प्रशिक्षणाचं मोजमाप कसं करावं यावर लेख लिहायला घेतले. त्याने चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते आवडलं का. तो काही शिकला का. कामावर परत गेल्यावर त्याचं वागणं बदललं का. आणि त्यामुळे कामाच्या फळात फरक पडला का. जगभर अजून याच पायऱ्या वापरतात. आमच्या एमएस-सीआयटीला ही फूटपट्टी लावली तर दुसऱ्या पायरीपर्यंत आम्ही बरे पोचलो. तिसरीवर अडखळलो, आणि दोष अभ्यासक्रमाचा नव्हता. प्रमाणपत्र घेऊन शाळेत परतलो तर तिथे होता एक संगणक, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण. हजेरीपट पूर्वीसारखाच शाईने. गुणपत्रिका पूर्वीसारख्याच हाताने. शिकलेलं वापरायला जागाच नसेल तर ते किती दिवस टिकणार? वर्षभरात मी निम्मं विसरले. पुढे हा ब्लॉग सुरू केला तेव्हा पुतण्याने मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

आता स्टेशनपलीकडे जाऊ.

पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे प्रा. दीपक फाटक होते. (२०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.) २००९ मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आणि त्याच्या निधीतून फाटक सरांनी दहा हजार शिक्षकांना शिकवायची योजना उभी केली, नावच 'टी-टेन-के-टी', टीच टेन थाउजंड टीचर्स. अभियांत्रिकी महाविद्यालयं तर भराभर निघाली होती, पण तिथे शिकवणारे बरेच जण स्वतः नुकते पास झालेले. एवढ्या सगळ्यांना पवईला आणणं अशक्य. म्हणून देशभरातली महाविद्यालयं दूरस्थ केंद्रं म्हणून निवडली. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी काही दिवस इथे बोलावून तयार करायचं. मग मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून थेट, अमृता विद्यापीठाने बनवलेल्या 'ए-व्ह्यू' नावाच्या प्रणालीवरून. आणि सराव, प्रयोगशाळा, शंकानिरसन हे तिथल्या तिथे, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली. २०१२ मध्ये 'आकाश' टॅब्लेटवरची कार्यशाळा घेतली तेव्हा हजारो शिक्षक एकाच वेळी देशभरातल्या केंद्रांवर बसले होते.

मला साताऱ्याचे भेटले ते असेच समन्वयक असावेत. नीट पाहिलं तर हे 'साइट'चंच शहाणपण आहे. पडद्यावर उत्तम शिक्षक, आणि खोलीत हाडामांसाचा एक माणूस. साखळी प्रशिक्षणात मधला माणूस विषय पुढे वाहून न्यायचा, आणि वाटेत तो सांडायचा. इथे विषय थेट पोचतो, मधल्या माणसाकडे फक्त माणसाचं काम उरतं: कोण मागे पडलंय ते बघणं, पाठीवर हात ठेवणं, चहाच्या वेळी वाद घालणं. हा फरक करणारं डोकं मला फार आवडलं.

त्याच आवारात रसायन अभियांत्रिकीचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' काढलं. दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्याच्या एका बाजूला धडा चालू, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडं, बघत बघत करत जायचं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवली, कारण नोकरीत तीच भेटणार. समजावणारा आवाज मात्र मराठीत, तमिळमध्ये, आसामीत, ज्याला जो हवा तो. मराठी माध्यमातून बीए झालेल्या माझ्यासारखीला या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको. आणि शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या मंडळींनी शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम करताना एक साधी युक्ती वापरली: व्हिडिओतले शिक्षक मध्येच थांबतात, प्रश्न विचारतात, आणि सांगतात की आता व्हिडिओ थांबवा, उत्तर लिहा, मगच पुढे चला. वर्गात प्रश्न विचारून आपण गप्प राहतो ना, तीच ही शांतता. चांगल्या शिक्षकाला ती जमते. यंत्रात घालायला मात्र कोणाला तरी सुचावी लागली.

हे झालं अभियांत्रिकीचं. शाळांमध्ये वारं वेगळ्याच बाजूने आलं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभा केला आणि शेकडो शिक्षक तो बघायला गेले. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. पुढे तशी कोडवाली पुस्तकं राज्याने छापली, आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, त्यातला अर्धा त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकला. या सगळ्यात सक्ती कुठे होती? एका मास्तरने केलं, दुसऱ्याने बघितलं, तिसऱ्याने व्हॉट्सॲपवर विचारलं. शासनाचं परिपत्रक मागून आलं.

५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, केंद्राने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केलं. २०१९ च्या ऑगस्टात 'निष्ठा' आली. प्राथमिक स्तरावरच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं असा तिचा आवाका. सुरुवात समोरासमोरच्या वर्गांनीच झाली होती. करोना आला, वर्ग बंद पडले, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून तेच अठरा भाग दीक्षावर चढवले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये परिचारिका, डॉक्टर, आशाताई यांना करोनाच्या कामाचं शिक्षण द्यायला 'आयगॉट' निघालं, तेही दीक्षाच्याच पायावर. सप्टेंबरात 'मिशन कर्मयोगी' मंजूर झालं आणि केंद्राच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट हेच शिकण्याचं ठिकाण ठरलं. दीक्षा काय, आयगॉट काय, दोन्हींच्या पोटात एकच खुली प्रणाली आहे, 'सनबर्ड' नावाची, एकस्टेप या संस्थेची. म्हणजे बघा, मास्तरांसाठी शिवलेला सदरा पुढे सगळ्या कारकुनांना आणि साहेबांना घातला!

आणि मग २०२२. बारा वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवडश्रेणी, हे शिक्षकाच्या आयुष्यातले दोन मोठे टप्पे. त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण झालेलं लागतं. ते वर्षानुवर्षं तुंबलं होतं. त्या वर्षी राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते इन्फोसिसच्या 'स्प्रिंगबोर्ड' या व्यासपीठावरून ऑनलाइन घेतलं. शुल्क दोन हजार रुपये. नव्वद हजारांच्या वर शिक्षकांनी नाव नोंदवलं. तुंबलेली रांग एका उन्हाळा-पावसाळ्यात पुढे सरकली, हे त्याचं श्रेय नाकारता येणार नाही. शिबिरं भरवत बसले असते तर कित्येक जण वाट बघतच निवृत्त झाले असते.

माझा आक्षेप यंत्रावर नाहीच. तो घड्याळावर आहे. आमची शिबिरं कंटाळवाणी असतील, पण ती नोकरीच्या वेळेत होती. शाळेतून मोकळीक मिळायची, येण्याजाण्याचा भत्ता मिळायचा, आणि ते दहा दिवस शासन मान्य करायचं की शिकणं हे या बाईचं आजचं काम आहे. धडे मोबाइलवर आले आणि तो दिवस हिशोबातून गळाला. आता शिकायचं रात्री दहाला, भांडी झाल्यावर, स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा. माझ्या बहिणीची मुलगी मुरबाडच्या बाजूला शिक्षिका आहे. गेल्या काही वर्षांतल्या अशाच एका प्रशिक्षणाचे (कुठलं ते सांगत नाही) तिने बरेचसे भाग गच्चीत उभं राहून केले, कारण रेंज फक्त तिथेच. "मावशी, डास चावतात ते कुठल्या मॉड्यूलमध्ये येतं गं?" असं विचारते. संस्थेचा खर्च वाचला असं जे आपण म्हणतो, त्यातला बराचसा वाचलेला नसतो. तो फक्त शिकणाऱ्याच्या घरी, आणि बाई असेल तर तिच्या झोपेत, जाऊन बसतो.

हे फक्त सरकारात आहे असं समजू नका. पुतण्या पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. त्यांच्याकडे दरवर्षी पाच-सहा सक्तीचे धडे: आगीपासून सुरक्षितता, माहितीची गुप्तता, आणि २०१३ च्या कायद्यानंतर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाबद्दलचा. "काकू, व्हिडिओ लावायचा आणि चहाला जायचं. परत येऊन पाच प्रश्न." त्यानेच मला 'स्कॉर्म' समजावलं. २००० साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून आलेली ती एक ठरावीक बोली आहे. कुठल्याही कंपनीचा धडा कुठल्याही यंत्रणेवर चालावा आणि त्याने यंत्रणेला कळवावं की माणूस 'उत्तीर्ण', 'अनुत्तीर्ण', 'पूर्ण' की 'अपूर्ण'. मी म्हटलं, अरे, यात 'समजलं' असा शब्द नाही का? तो हसला. मी मात्र गंमत करत नव्हते. ज्या छळाच्या धड्याला तो चहाला जातो, त्या धड्यात त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीची सुरक्षितता आहे. कायद्याने मालकाला जागृतीच्या कार्यशाळा घ्यायला सांगितलं आहे, आणि कंपनीच्या वहीत 'पूर्ण' अशी ओळ पडली की मालक सुटला. शेजारची मुलगी सुटली का?

भाचीकडून मागच्या महिन्यात ऐकलेली एक हकिगत सांगते आणि थांबते. त्यांच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. कार्यक्रम लवकर उरकला, तशा चार जणी एका वर्गात बसल्या आणि हातच्याच्या वजाबाकीवरचा एक भाग एकीच्या फोनवर लावला. व्हिडिओ वीस मिनिटांचा. तिसऱ्या मिनिटाला पहिली म्हणाली, "आमच्या पोरांना असं नाही कळत." व्हिडिओ थांबला. दुसरीने कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले, दशक सोडून दाखवलं. तिसरीने खोट्या नोटा आणल्या. चौथी, म्हणजे आमची, म्हणाली की मुळात 'हातचा' हा शब्दच मुलांना कोड्यात टाकतो, आपण 'सुट्टे' म्हणू या, दुकानात सुट्टे करतात तसे. यावर जे भांडण जुंपलं ते शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात येईपर्यंत. वीस मिनिटांचा व्हिडिओ दोन तास पुरला.

ज्या बाईंचा फोन होता त्यांच्या नावावर तो भाग 'पूर्ण' झाला. बाकी तिघींनी घरी जाऊन, आवाज बंद करून, आपापल्या फोनवर तो पुन्हा एकदा चालवला.